नेरूरपार ते कुडाळ, इंजिनाशिवाय

गोव्यात गाडी विकणारे गृहस्थ इतके सभ्य होते की मला तिथेच संशय यायला हवा होता. त्यांनी मला खुर्ची दिली, लिंबू सरबत दिलं, गाडीभोवती फिरताना माझ्या डोक्यावर स्वतः छत्री धरली. पण संशय घ्यायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी गाडीकडे बघत होतो, आणि माझं वय त्या वेळी एकावन्नवरून घसरत एकवीसवर आलं होतं.

माझी नोकरी सांगितली तर प्रकरण आणखी लाजिरवाणं होतं, पण सांगतो. पुण्याजवळ औषधांचा एक कारखाना आहे, तिथल्या खरेदी विभागाचा मी प्रमुख आहे. बाटलीचं बूच घ्यायचं तरी मी तीन ठिकाणची कोटेशनं मागवतो, नमुना तपासायला पाठवतो आणि माल एक दिवस उशिरा आला तर पुरवठादाराला फोनवर असा झाडतो की पुढच्या वेळी तो एक दिवस आधी येतो. असा हा चिकित्सक माणूस फोटो बघून गोव्याला गेला आणि नऊ वर्षांची जुनी स्पोर्ट्‌स कार एका चकरेत पसंत करून मोकळा झाला. बायकोने, मंजिरीने, निघताना एकच प्रश्न विचारला होता. "दोनच सीट आहेत ना? मग मी येणार की बॅग येणार?" उत्तर सुचलं नाही म्हणून मी स्टेशनवर लवकर गेलो.

गाडी लालभडक. दोन दारं, दोन सीट, आणि पोट जमिनीपासून वीतभरही उंच नाही. आधीच्या कुणा हौशी मालकाने तिचा सायलेन्सर बदलून घेतला होता. गृहस्थांनी किल्ली फिरवली तेव्हा समोरच्या आंब्यावरचे कावळे उठले आणि शेजारच्या घरात एक लहान मूल रडायला लागलं. मी मात्र धन्य झालो. समोरच्या पट्टीवर एक तांबडा दिवा मिणमिणत होता. तेलाच्या कॅनचं चित्र असलेला.

"हा कसला दिवा?" मी आपलं खरेदीप्रमुख असल्याचं स्मरून विचारलं.

"तो सेन्सर. या मॉडेलला तो पेटतोच. दुर्लक्ष करायचं."

दुर्लक्ष करण्यात मी त्या दिवशी इतका तरबेज झालो होतो की हा सल्ला मला फारच व्यवहारी वाटला. सह्या झाल्या. गृहस्थांनी नारळ दिला आणि हात जोडून फाटकापर्यंत सोडायला आले. फाटक माझ्यामागे जरा घाईनेच बंद झालं, हे आता आठवतं.

सरहद्द ओलांडून इन्सुलीला आलो. तपासणी नाक्यावर हवालदाराने थांबवलं, कागद बघितले, ते सगळे बरोबर निघाले. मग तो खिडकीशी वाकला. वाकला म्हणजे बराच वाकला, कारण माझं डोकं त्याच्या गुडघ्यापाशी होतं.

"साहेब, यात बसून चालवायची की झोपून?" त्याने शुद्ध मराठीत आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं.

मी हसलो. पुढे सावंतवाडीपाशी जेवायला थांबलो तेव्हा त्या प्रश्नातलं गांभीर्य कळलं. गाडीत शिरणं एक वेळ जमतं, बाहेर पडण्यासाठी वेगळं शरीर लागतं. एक पाय बाहेर, एक आत, कंबर मध्ये अडकलेली, अशा अवस्थेत मी खानावळीच्या गिऱ्हाइकांना चांगली दोन मिनिटं करमणूक पुरवली. शेवटी एका बाईंनी हात दिला आणि "हळू हां, दुखापत झाली असेल" असं म्हणून मला खुर्चीपर्यंत पोचवलं. बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात खाऊन मी आणखी जड झालो आणि पुन्हा त्या बिळात शिरलो. कुडाळपर्यंत जितके गतिरोधक आले तितक्यांना गाडी तिरकी घालून, एकेक चाक उचलत, पालखी न्यावी तशी न्यावी लागली. मागून सायकलवाला पुढे गेला. तो वळून बघत होता, आणि मला वाटलं कौतुकाने बघतोय.

वालावलला दुपार कलताना पोचलो. लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळच्या तळ्यात माडांच्या सावल्या पडल्या होत्या, काजूला मोहर होता, आणि वाडीतली सगळी कुत्री माझ्या सायलेन्सरला उत्तर देत फाटकापर्यंत आली. अंगणाच्या कडेला तात्या उभे होते. तात्या म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर त्यांनी लाल सरकारी बस चालवली. कुडाळ, मालवण, वेंगुर्ला, रात्रीची वस्ती, सकाळची पहिली गाडी. या तालुक्यातली अर्धी माणसं त्यांच्या गाडीतून शाळेत गेली आणि उरलेली अर्धी लग्नाला. एवढं करून स्वतःच्या मालकीची साधी स्कूटरही त्यांनी कधी घेतली नाही. आणि एवढ्या वर्षांत मी केलेल्या एकाही गोष्टीला त्यांनी "बरी" म्हटल्याचं मला आठवत नाही. दहावीला, नोकरीला, फ्लॅटला, प्रमोशनला, प्रत्येक वेळी त्यांचा एकच शब्द असे: "आसां." म्हणजे ऐकलं, पुढे बोला. खरं सांगायचं तर ही गाडी मी माझ्यासाठी घेतली हे मी मंजिरीला सांगितलेलं कारण होतं. आतलं कारण असं की, ड्रायव्हर माणूस आहे, गाडीबद्दल तरी काही बोलेल.

तात्यांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. टायरवर बोटं दाबली. खाली वाकून पोटाकडे बघितलं, आणि मग वाकून का बघावं लागतं हे माझ्याकडे बघून मनात नोंदवलं.

"आमची पण लालच होती," ते म्हणाले.

मी वाट बघत राहिलो. पुढे काही आलं नाही. थोड्या वेळाने, पंच्याने हात पुसत, दुसरीकडे बघत त्यांनी विचारलं, "माका चालवक देशीत? एक फेरी. देवळापर्यंत."

आणि मी, त्यांचा सुशिक्षित मुलगा, म्हणालो, "तात्या, लायसन संपलंय तुमचं. आणि ही गाडी फार नाजूक असते. तुम्हाला नाही जमायची."

"आसां," तात्या म्हणाले आणि आत गेले.

माझा बेत ठरलेला होता. दुसऱ्या दिवशी कुडाळचा आठवड्याचा बाजार. बाजाराच्या दिवशी तात्यांचे जुने सोबती मालवणच्या स्टँडवर जमतात, कारण कुडाळच्या गर्दीत त्यांना बसायला जागा मिळत नाही. तात्यांना शेजारी बसवून मी नेरूरपारच्या पुलावरून मालवणला नेणार, स्टँडसमोर इंजिन एकदा गर्जवणार, आणि सगळ्या म्हाताऱ्यांसमोर तात्यांना "बरी आसा" म्हणावंच लागणार. इतका चोख बेत मी कारखान्यातही कधी आखला नव्हता.

पण वाडीत नवी गाडी आली की ती आधी राखणदारापुढे (जागेच्या रक्षक देवापुढे) न्यावी लागते. वाडीच्या वळणावर पिंपरणीखाली त्याचं ठिकाण आहे. तिथे गाडी उभी करायची, तिच्या तोंडापुढे एक चिरा (जांभ्या दगडाचा कापीव ठोकळा) ठेवायचा, गाऱ्हाणं (देवाला मोठ्याने घातलेलं साकडं) घालायचं, चिऱ्यावर नारळ फोडायचा आणि मग गाडी चिऱ्यावरून पुढे काढायची, दोन्ही चाकं दोन बाजूंना ठेवून. आजवर वाडीतले टेम्पो, जीप आणि विटांचा एक ट्रक असेच चिऱ्यावरून गेले आहेत. गाऱ्हाणं घालायचा मान भाऊकाकांचा. ते तात्यांहून दोन वर्षांनी मोठे, आवाज अजून खणखणीत.

सकाळी सगळे जमले, आणि भाऊकाकांनी नेमका घोळ घातला.

"सुधग्या, देवाक काय सांगू? नवी सांगू काय जुनी?"

"नवी सांगा."

"नव वर्सांची आसा म्हणतंस ना?"

"भाऊकाका, मी नव्याने घेतली ना? मग नवीच."

"देवाक खोटा सांगूक सांगतंस," भाऊकाका म्हणाले आणि जमलेल्यांकडे बघितलं. जमलेल्यांचं मत विभागलं गेलं. एकाने सुचवलं की नुसतं 'गाडी' म्हणावं, नवीजुनीचं देव बघून घेईल. मला उशीर होत होता आणि घामही येत होता. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "नवीच सांगा."

"बरा. तुझी गाडी, तुझो देव," म्हणत भाऊकाकांनी डोक्याला पंचा गुंडाळला आणि सुरुवात केली. "बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आज हयसर तात्याचो झील सुधीर, पुण्याक नोकरेक आसा, तेणा नवी गाडी हाडल्यान आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज जरा कमी आला.

"ते गाडयेक खंय आडमेळा येव नये, वाटेर खंय ठेच लागू नये, आणि कोणाची वायट नजर पडली आसात तर ती थंयच्या थंय परती फिरव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. लोक खोबऱ्याकडे वळले. तात्या गाडीच्या पुढे, उजव्या हाताला उभे होते. मी आत शिरलो, किल्ली फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पाय जरा जास्तच दाबला. तात्यांनी हात वर केलेला मला दिसला. तोंडही हलताना दिसलं. मला वाटलं, आशीर्वाद. नंतर कळलं की ते ओरडत होते, "थांब रे! चिरो काढूंदे!" त्यांना एकट्यालाच आदल्या दिवशीचं गाडीचं पोट आठवत होतं. पण त्या सायलेन्सरपुढे देवाचाही आवाज पोचला नसता, तात्यांचा कुठून पोचणार?

खालून खर्र असा आवाज आला, गाडी किंचित उचलली गेली आणि उतरली. मी खाली उतरून बघितलं. चिरा आडवा झाला होता आणि त्याचा कोपरा उडाला होता. वाडीने चिऱ्याची हळहळ केली. गाडीला वरून ओरखडासुद्धा नव्हता. तात्या म्हणाले, "खालसून बघ." मी म्हणालो, "खाली प्लॅस्टिक असतं तात्या, काही होत नाही." हे मला कोणी सांगितलं होतं, कोण जाणे.

तात्या शेजारी बसले. माझ्यासारखे डोकं आधी घालून नव्हे. पाठ करून सीटवर टेकले, मग दोन्ही पाय एकदम आत घेतले, झालं. नेरूर मागे पडलं, पूल आला. खाली कर्ली नदीचं पाणी भरतीने काठोकाठ होतं आणि वाळूच्या दोन होड्या रिकाम्या पोटाने उभ्या होत्या. तात्यांचं पाण्याकडे लक्ष नव्हतं. ते समोरच्या पट्टीकडे बघत होते.

"तो तांबडो दिवो कित्याक पेटलो?"

"तो सेन्सर आहे. पेटतोच तो."

"तेलाचो दिवो आसा तो. काल मिणमिणत होतो. आज सारखो पेटलेलो आसा. गाडी बाजूक घे."

"तात्या, ही तुमची बस नाही हो. यात कॉम्प्युटर असतो, त्याला सगळं कळतं."

"कॉम्प्युटर तेल पिता काय?"

पूल संपून काळसे गावाकडचा चढ लागला आणि मी, त्यांना दाखवायला म्हणून, गाडी पळवली. अर्ध्या चढावर तात्यांनी कान तिरका केला. "आवाज बदललो," ते म्हणाले. मला तर तो आवाज पहिल्यापासून एकच ऐकू येत होता, मोठा. आणखी थोडं वर गेल्यावर मलाही ऐकू आलं. आत कोणीतरी हातोडीने दार ठोठावत होतं. मग ते ठोठावणं थांबलं, कारण दार तुटलं. एक दणका बसला, चाकं करकरली, मागे निळा धूर झाला आणि गाडी जागच्या जागी मेली.

दोन दिवसांत पहिल्यांदा मला शांतता ऐकू आली. एक भारद्वाज कुठेतरी घुमत होता. मी तात्यांकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही. एकदाच काय ते बोलावेत, मनसोक्त शिव्या द्याव्यात, असं मला वाटत होतं. तात्यांनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी हँडब्रेक ओढला, उतरले, दोन दगड शोधून मागच्या चाकांना उटी लावली आणि सावलीत जाऊन बसले.

मग लोक आले. निर्मनुष्य रस्त्यावर बंद पडलेली लाल गाडी असली की माणसं जमिनीतून उगवतात. एकाने पेट्रोल संपल्याचं निदान केलं. दुसऱ्याने बॅटरी म्हटलं. तिसऱ्याने असल्या गाड्या इथल्या दमट हवेत चालतच नाहीत असं सांगून फोटो काढला. चौथा आम्हाला ओळखणारा निघाला, आणि वाडीतून त्याच्या फोनवर बातमी उलटी पोचली होती की भाऊकाकांनी देवाला खोटं सांगितलं म्हणून हे झालं. रस्त्याकडेच्या घरातल्या बाईंनी दोन खुर्च्या आणल्या, घावणे आणि चहा आणला, आणि मला सोडून बाकी सगळ्यांशी तात्यांच्या तब्येतीबद्दल बोलल्या.

तासाभराने कुडाळहून मिंगेल आला. मिंगेल मेकॅनिक. त्याचे वडीलही मेकॅनिक होते आणि तात्यांच्या गाडीखाली झोपायचे. मिंगेल स्कूटर उभी करून, शर्ट काढून, रस्त्यावर पाठ टेकून आत सरकला. आतून त्याचा आवाज आला, "ओ माय!"

"चेंबर फुटलो," बाहेर येऊन तो म्हणाला. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं. "तेलाचो थेंब नाय. सगळा वाटेर गळान गेला हुंता, पुलाच्या अलीकडे तेलाची रेघ आसा. तुमी सुक्या इंजिनार चढ चढलास. आतले बेअरिंग गेले, दांडो मोडून भाईर इलो. हय बघा, भोक." त्याने बोट आत घालून दाखवलं. "आणि चेंबरात चिकाटला तां तेल बघा. नुसता डांबर. चिऱ्यान उरलला काम केल्यान, अर्धा आधीच झालला."

"दुरुस्त होईल ना?"

मिंगेलने माझ्याकडे नाही, तात्यांकडे बघितलं. तात्यांनी मान हलवली. "दुसरा इंजिन होया," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढी माया होती की ती माझ्यासाठी आहे की इंजिनासाठी हे मला कळेना.

गाडी उचलून नेणारा ट्रक दुसऱ्या दिवसावर गेला. इतक्यात मालवणहून मासळीचा टेम्पो आला. चालवणाऱ्याचं नाव बाबल. त्याने तात्यांना बघून करकचून ब्रेक मारला.

"तात्यानू, तुमी हंय? तुमच्या गाडयेन शाळेक गेललंय मी! चला, टोचन करूया."

टोचन म्हणजे दोराने बांधून ओढत नेणं. बाबलने होडीचा जाड दोर काढला, मिंगेलने गाडीची आकडी शोधली, आणि मी मालक म्हणून सन्मानाने स्टेअरिंगवर बसलो. टेम्पो निघाला. चढावरच गाडी वळवायची होती. इंजिन बंद असलं की त्या गाडीचं स्टेअरिंग दगडी होतं, हे मला गोव्याच्या गृहस्थांनी सांगितलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी लोंबकळलो तरी ते चार बोटंच फिरलं. ब्रेकवर उभा राहिलो तरी पायाखाली लाकूड लागल्यासारखं. गाडी गटाराकडे निघाली, दोर सैल पडला, मग झटका बसला, आणि माझी चकचकीत नाकाची गाडी बाबलच्या मासळीच्या टोपल्यांपासून हातभर अंतरावर थांबली. ती थांबली तीही बाबलने टेम्पो पुढे काढला म्हणून.

तात्या सावलीतून उठले. पंचा खांद्यावर टाकला, दार उघडलं.

"ऊठ थंयसून."

"तात्या, लायसन..."

"इंजिन नसलले गाडयेक लायसन लागना नाय. ऊठ."

मी उठलो. म्हणजे कंबर अडकवून, गुडघा आपटून, चारचौघांसमोर बाहेर आलो. तात्या पाठ करून टेकले, पाय आत घेतले, किल्ली एक टप्पा फिरवून चाक मोकळं असल्याची खात्री केली, आरसा स्वतःच्या उंचीला लावला. मग स्टेअरिंगवर हात ठेवले. मी लहानपणी शेकडो वेळा पाहिलेले ते हात. दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखे, कोपर बाहेर, बोटं सैल. चौतीस वर्षं त्यांनी ज्या बस चालवल्या त्यांना कसलीही मदत नव्हती, चाक फिरायचं ते खांद्याच्या जोरावर. या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने ते दगडी चाक अंग पुढे झोकून, श्वास सोडत, एका दमात पुरं वळवलं. माझी नाजूक गाडी निमूटपणे वळली.

"टोचनात ब्रेक पुढच्यान मारूचो नाय," चालू पडल्यावर ते म्हणाले. "मागच्यान मारूचो. पुढच्याची पाठ बघायची, तो पाय उचलूच्या आधी आपण दाबायचो. दोर सैल पडूक नको. सैल पडलो काय झटको. झटको बसलो काय तुटता."

उतारावर ते दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होते. कपाळावर शिरा आल्या होत्या. दोर एकदाही सैल पडला नाही. पुलावर आलो तेव्हा भरती उतरायला लागली होती, आणि खिडकी उघडी असल्याने पाण्याचा आवाज आत येत होता. या गाडीतून मला पहिल्यांदा बाहेरचं काही ऐकू येत होतं. तात्या गुणगुणत नव्हते, हसत नव्हते. पण मला त्यांचा चेहरा ओळखता येईना. मी शेजारी बसून होतो, लहानपणी केबिनमध्ये बसायला हट्ट करायचो तसा, आणि मला भयंकर लाज वाटत होती. या माणसाने काल फक्त देवळापर्यंतची एक फेरी मागितली होती.

कुडाळात बाजार भरात होता. पुढे मासळीचा टेम्पो, मागे होडीच्या दोराने बांधलेली लाल स्पोर्ट्‌स कार, आत पंचा घेतलेला म्हातारा आणि बाजूला मान खाली घातलेला मी. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. एका रिक्षावाल्याने सलाम ठोकला. गर्दीत टेम्पो अडला तेव्हा खाजावाल्याने खिडकीतून तात्यांच्या हातात गुळाच्या खाज्याची पुडी दिली.

"तात्यानू, गाडी घेतलास काय?"

मी डोळे मिटले. आता येणार होतं ते माझ्या वाट्याचंच होतं.

"माझ्या झिलान घेतल्यान हा," तात्या म्हणाले. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "पुण्याक मोठो सायब आसा तो."

आणि हॉर्न वाजवला. दोनदा. गर्दी बाजूला झाली.

मिंगेलच्या गॅरेजात फणसाखाली एकच जागा मोकळी होती, दोन जीपच्या मध्ये. दोर सोडल्यावर उरलेल्या गतीत तात्यांनी गाडी तिथे अलगद सरकवली, एका झटक्यात, पुन्हा मागेपुढे न करता. हँडब्रेक ओढला. मग स्टेअरिंगवर तळवा फिरवला.

"गाडी बरी आसा," ते म्हणाले. "आवाज तेवढो नको हुंतो."

किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही, मिंगेलच्या दिली.

मी पुण्याला रेल्वेने परतलो. मंजिरीने दार उघडलं, माझ्या हातातली एकच बॅग बघितली आणि म्हणाली, "म्हणजे बॅग आली तर." मी बॅग आत नेली. गोव्याच्या गृहस्थांचा फोन तेव्हापासून लागत नाही. त्यांचाही कदाचित सेन्सर असेल.

महिना उलटला. परवा कारखान्यात मी एका पुतळ्यासारख्या उभ्या पुरवठादाराला झाडत असताना मिंगेलचा फोन आला. इंजिन मिळालं होतं, तशाच मॉडेलच्या अपघातात सापडलेल्या गाडीचं, चांगल्या स्थितीतलं. "दोन दिवसांत बसवतंय," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "पण साहेबानू, एक सांगू? तात्या दर बाजाराक येतत. वालावलसून पहिल्या बसन. चाय घेतत, तुमच्या गाडयेत बसतत. स्टेअरिंग धरून दुपारपर्यंत. दोन-तीन म्हातारे मालवणसून येवक लागले हत, तेंका एकेक करून बाजूक बसवतत. काल माका म्हणाले, मिंगेल, घाई करू नको. इंजिन बसला काय सुधीर गाडी घेवन पुण्याक जातलो."

समोर पुरवठादार अजून उभा होता, माल का लांबला याची कारणं हातात घेऊन. मी त्याला बसायला खुर्ची दाखवली.

"मिंगेल," मी फोनवर म्हणालो, "सावकाश होऊ दे."

नोकरीला लागल्यापासून मी कोणाला मुदत वाढवून दिल्याचं आठवत नाही. ही दिली, तीही मिंगेलने न मागता.